रिसेट मारण्याआधी: वेल्डिंग रोबोसमोर उभ्या राहणाऱ्यांसाठी डिजिटल कौशल्यं

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज. या पट्ट्यातल्या व्हेंडर कंपन्या ब्रॅकेट, सायलेन्सर, सीटच्या फ्रेम बनवतात, आणि तिथे आता हाताने वेल्डिंग करणारे कमी व रोबोला पार्ट लावून देणारे जास्त. कामाचं नाव 'लोडिंग-अनलोडिंग'. दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेली मुलं-मुली, बरीचशी कंत्राटी. पहिल्या दिवशी त्यांना एवढंच सांगतात: पार्ट लाव, दोन्ही बटणं दाब, लाल दिवा लागला की सुपरवायझरला हाक मार. एवढ्यावर शिफ्ट निघते. पण हेल्परचा ऑपरेटर आणि ऑपरेटरचा सेटर (मशीन जुळवून देणारा) व्हायचं असेल तर समोरची स्क्रीन कळायला लागते.

स्क्रीन कळणं म्हणजे प्रोग्रामिंग, असं समजून पुष्कळ जण पैसे भरून कोर्सला जातात. माझ्या मते ते नंतर. आधी तीन गोष्टी: स्क्रीन वाचता येणं, वाचलेलं नेमकं लिहिता येणं, आणि रिसेटचं बटण कधी दाबायचं नाही हे समजणं. हा लेख त्या क्रमाने जातो. उदाहरणं फॅनकच्या वेल्डिंग रोबोची घेतली आहेत. यास्कावा, कुका, एबीबी किंवा पॅनासॉनिकवर बटणांची नावं बदलतील, रीत तीच राहील.

पहिली पायरी: कोणता डबा काय करतो

'रोबो बंद पडला' असं आपण सरसकट म्हणतो. पण सेलमध्ये, म्हणजे रोबोच्या कुंपण घातलेल्या जागेत, रोबोचा हात, त्याचा कंट्रोलर, हातात धरायचा पेंडंट, वेल्डिंगचा पॉवर सोर्स, वायर फीडर, फिक्स्चर (पार्ट बसवायचा साचा) आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारा पीएलसी, अशी वेगवेगळी यंत्रं असतात. बाहेरच्या पॅनलवरची टचस्क्रीन, म्हणजे एचएमआय, ही बहुतेक वेळा पीएलसीची असते. रोबोचा पेंडंट वेगळा.

हे कशासाठी माहीत हवं? थांबलेल्या रोबोपैकी कितीतरी वेळा रोबोला काहीच झालेलं नसतं. पार्ट पकडणाऱ्या क्लॅम्पच्या सेन्सरवर स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडालेले कण, बसलेला असतो, सेन्सर 'क्लॅम्प लागला' असं सांगत नाही, पीएलसी रोबोला 'चल' म्हणत नाही आणि रोबो निमूटपणे वाट बघत राहतो. अशा वेळी पेंडंटवर अलार्म शोधत बसाल तर काहीच सापडणार नाही, कारण रोबोच्या लेखी सगळं ठीक आहे.

पहिल्या आठवड्यात एक काम करा. वहीच्या पानावर आपल्या सेलचं साधं चित्र काढा. डबे, त्यांची नावं, फिक्स्चरवर किती सेन्सर आहेत आणि कोणता कुठे. सेन्सरच्या वायरवर नंबरची पट्टी असते, ती उतरवून घ्या. पुढे हे पान फार उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: थांबलेला रोबो आणि बंद रोबो

२०१५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या मानेसरला, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, जागेवरून निसटलेला पत्रा नीट करायला एक २४ वर्षांचा कामगार रोबोच्या जवळ गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. ही बातमी मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो, कारण हातून काम निसटलं की पुढे होऊन ते सावरायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय आहे. हाताच्या वेल्डिंगमध्ये ती सवय चांगली. रोबोच्या सेलमध्ये तीच घात करते.

वर सांगितलेला सेन्सर आठवा. रोबो त्या एका सिग्नलसाठी थांबलाय. तुम्ही कुंपणाच्या आत जाऊन फडक्याने सेन्सर पुसलात की सिग्नल आला, आणि रोबोची वाट बघणं संपलं. म्हणजे रोबोला सुरू तुम्हीच केलंत, आणि उभे त्याच्याच वाटेत होतात.

म्हणून आत जायचं तर दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की रोबो थांबवणारं कुलूप) उघडून, त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून, आणि काम मोठं असेल तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावून. इंटरलॉकला चुंबक किंवा जादा किल्ली लावून फसवलेली सेल दिसली तर आत पाऊल टाकू नका. सुपरवायझर कितीही घाई करो.

पेंडंट हातात घेतला की आधी मोडची किल्ली बघायची. टी-१ मध्ये रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. टी-२ मध्ये तो प्रोग्रामच्या पूर्ण वेगाने धावू शकतो, तेव्हा ऑपरेटरने त्या मोडच्या वाटेला जायचं कारण नाही. ऑटोमध्ये पेंडंट घेऊन कुंपणाच्या आत कोणीही नसावं.

पेंडंटच्या मागे जो डेडमॅन स्विच असतो त्याला तीन अवस्था असतात. सोडला की रोबो थांबतो, मध्यम दाबला की चालतो, आणि घाबरून मूठ आवळली की पुन्हा थांबतो. हे तोंडी सांगून भागत नाही. सेटरला सोबत घेऊन, सेल रिकामी असताना, अगदी कमी वेगात रोबो हलवा आणि मुद्दाम स्विच पूर्ण आवळून बघा. नुसतं ऐकलेलं ऐनवेळी हाताला आठवत नाही. एकदा आवळून थांबवलं की लक्षात राहतं.

कोबॉटबद्दल, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या रोबोबद्दल, थोडंसं. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात २०१० च्या सुमारास कोबॉट आले आणि मग आसपास त्यांची चर्चा सुरू झाली. कोबॉटला बहुतेक वेळा पिंजरा नसतो, माणसाला धक्का लागला की तो थांबतो. पण त्याच्या हातात धारदार पार्ट किंवा तापलेली टॉर्च (वेल्डिंगचं तोंड) असेल तर थांबण्याआधीच भाजायचं ते भाजतं. पिंजरा नाही याचा अर्थ धोका नाही, असा काढू नका.

तिसरी पायरी: स्क्रीनची वरची पट्टी

पेंडंटवर इंग्रजीच इंग्रजी दिसतं आणि माणूस बिचकतो. खरं तर रोज लागणारे शब्द तीस-चाळीसच्या वर नाहीत, आणि त्यातले निम्मे आपण मोबाइलवर रोज वाचतो. सुरुवात वरच्या पट्टीपासून करा. तिथे कोणता प्रोग्राम निवडलाय, कोणत्या ओळीवर आहे, अवस्था काय आणि वेग किती टक्के, हे सगळं एका नजरेत दिसतं.

अवस्थेचे तीन शब्द पक्के करा. 'रनिंग' म्हणजे चालू. 'पॉज्ड' म्हणजे मध्येच थांबलाय, आणि पुढे चालवलं की त्याच ओळीपासून सुरू होईल. 'अबॉर्टेड' म्हणजे प्रोग्राम सोडून दिलाय. गंमत पॉज्डमध्ये आहे. समजा रोबो बाराव्या ओळीवर पॉज्ड आहे. तुम्ही त्याला हाताने बाजूला नेलं, क्लॅम्प उघडला, दुसरा पार्ट लावला आणि स्टार्ट दिला. तो सुरुवातीला जाणार नाही. तिथून थेट पुढच्या पॉइंटकडे निघेल, आणि मध्ये फिक्स्चर आलं तर त्यातून जायचा प्रयत्न करील. टॉर्च वाकण्याचं हे नेहमीचं कारण. पार्ट बदलला असेल तर प्रोग्राम अबॉर्ट करून, रोबो हळू होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागी, नेऊन, पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करायची. तुमच्या सेलमध्ये अबॉर्टचा अधिकार ऑपरेटरला आहे का, ते आधी विचारून ठेवा.

दुसरी पट्टी आय-ओची, म्हणजे इनपुट-आउटपुटची. मेनूत जाऊन इनपुटची यादी उघडली की प्रत्येक सिग्नलसमोर ऑन किंवा ऑफ दिसतं. पहिल्या पायरीत काढलेलं चित्र इथे कामाला येतं. कुंपणाबाहेर उभं राहून, यादीतल्या त्या नंबरकडे बघत, जोडीदाराला पार्ट लावायला सांगा. लोडिंगच्या बाजूने, नेहमीच्या जागेवरून. पार्ट बसला आणि समोर ऑन झालं तर सेन्सर शाबूत. बसूनही ऑफच राहिलं तर मेंटेनन्सवाल्याला 'रोबो बंद आहे' न सांगता 'दोन नंबरचा क्लॅम्प सेन्सर येत नाही' असं सांगा. तो नेमका तेच सामान घेऊन येतो. काही सेलमध्ये हे सिग्नल रोबोपर्यंत येतच नाहीत, पीएलसीमध्येच राहतात. मग हीच यादी एचएमआयवर मिळते. एक पथ्य पाळायचं: यादी बघायची, पण आउटपुट स्वतःच्या हाताने ऑन-ऑफ करायचा नाही. तिथे एक बटण दाबलं की क्लॅम्प खरोखर हलतो.

चौथी पायरी: अलार्म

लेखाचं नाव या पायरीवरून आहे. अलार्म आला की हात आपोआप रिसेटकडे जातो. दिवा विझतो, रोबो चालतो, टार्गेट वाचतं. तासाभराने पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत टॉर्च गेलेली असते आणि कोणी विचारलं तर उत्तर असतं, 'सकाळपासून काहीतरी दाखवत होता.'

तर रिसेटच्या आधी वाचायचं आणि लिहायचं. अलार्मला कोड असतो आणि पुढे दोन-चार शब्द. शब्द नाही समजले तरी चालतील, कोड जसाच्या तसा उतरवा. फोनवरून भाषांतर करून घेण्यापेक्षा कोडवरून मॅन्युअलमध्ये बघणं चांगलं, कारण 'फेन्स', 'चेन', 'पल्स' असे शब्द फोनवर भलत्याच अर्थाने येतात.

फॅनकवर वारंवार भेटणारे काही कोड सांगतो. एसआरव्हीओ-००१ म्हणजे ऑपरेटर पॅनलचं इमर्जन्सी बटण दाबलेलं आहे, ००२ म्हणजे पेंडंटवरचं. ००३ म्हणजे डेडमॅन सुटला किंवा जास्त आवळला. ००४ म्हणजे कुंपणाचं दार उघडं. हे चारही निरुपद्रवी वाटतात, पण दार बंद असताना ००४ येत असेल तर दाराचा स्विच खराब होतोय, आणि ते सांगायलाच हवं.

०५० म्हणजे रोबोला कुठेतरी अडल्यासारखं वाटलं, टक्कर. नेहमीच प्रत्यक्ष टक्कर असते असं नाही. टॉर्चची टिप (जिच्यातून वायर येते ते टोक) वेल्डला चिकटली, केबल ओढली गेली किंवा प्रोग्राममध्ये वजन चुकीचं भरलेलं असलं तरी हाच अलार्म येतो. ०५० आला की रिसेट करून थेट स्टार्ट कधीच द्यायचा नाही. आधी टॉर्च बघायची.

०६५ हा बॅटरीचा इशारा. रोबोच्या सांध्यांची जागा लक्षात ठेवणारी बॅटरी उतरत चालली आहे. याकडे दुर्लक्ष केलं की पुढे ०६२ येतो, रोबो आपली जागा विसरतो आणि मास्टरिंग करावं लागतं, म्हणजे सांध्यांची जागा त्याला पुन्हा शिकवावी लागते. त्यात शिफ्ट जाते, कधी दिवस जातो. बॅटरी बदलणं मेंटेनन्सचं काम आहे, आणि ते कंट्रोलर चालू ठेवूनच करायचं असतं. पण ०६५ पहिल्यांदा दिसतो तो तुम्हाला.

नोंद कशी असावी? वहीत ओळ अशी हवी:

'सकाळी १०.४०. एसआरव्हीओ-०५०. प्रोग्राम ब्रॅकेट-डावा, ओळ २३. तिसऱ्या वेल्डच्या शेवटी थांबला. टिप पार्टला चिकटलेली. टिप बदलली, वायर कापली, टी-१ मध्ये बाहेर काढला. याआधी ९.१५ ला हाच अलार्म, हीच ओळ.'

वेळ, कोड, प्रोग्राम आणि ओळ, डोळ्यांना काय दिसलं, तुम्ही काय केलंत. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. एकाच ओळीवर दोनदा चिकटली म्हणजे बिघाड त्या जागेवर आहे, पॅरामीटर किंवा पार्टचा गॅप बघा, हे इंजिनिअरला नुसतं वाचून कळतं.

एकापाठोपाठ चार-पाच अलार्म येतात तेव्हा अलार्मच्या पानावर हिस्टरी उघडा. नवीन अलार्म वर असतो, जुना खाली. वरचा बहुतेक वेळा परिणाम असतो, कारण त्याच्या खालच्या ओळींत सापडतं. आणि या यादीत आणखी एक गोष्ट दिसते: तुम्ही मारलेला प्रत्येक रिसेट, वेळेसकट. दहा मिनिटांत सात रिसेट आणि वहीत एकही ओळ नाही, हे कोणीही उघडून बघू शकतं.

पाचवी पायरी: अडकलेली टॉर्च बाहेर काढणं

हाताने रोबो हलवण्याला जॉगिंग म्हणतात. हे सेटरकडून शिकायचं आणि परवानगी असेल तरच करायचं. टी-१, वेग पाच-दहा टक्के, पळायला मागे मोकळी जागा.

कोऑर्डिनेट बदलायचं बटण असतं. जॉइंटमध्ये एकेक सांधा फिरतो. वर्ल्डमध्ये टॉर्चचं टोक सरळ पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली जातं. टूलमध्ये दिशा टॉर्चप्रमाणे धरली जाते. आता टॉर्च तिरकी होऊन दोन क्लॅम्पच्या मध्ये शिरलेली आहे असं समजा. जॉइंटमध्ये एक सांधा फिरवलात तर टोक कमानीत फिरेल आणि क्लॅम्पला लागेल. वर्ल्डमध्ये सरळ वर ओढलीत तर तिरकी असल्यामुळे बाजूला घासेल. टूलमध्ये झेड दिशेने मागे घेतलीत तर जशी आत गेली तशीच बाहेर येईल, म्यानातून तलवार निघावी तशी. झेडची कोणती बाजू 'मागे' आहे, ते आधी मोकळ्या जागेत तपासून घ्या. तिथे अंदाज नको.

बाहेर आली की लगेच रोबो चालू करू नका. टॉर्चचं टोक जिथे यायला हवं तिथेच येतंय का ते बघा. बहुतेक सेलमध्ये यासाठी एक टोकदार खूण उभी केलेली असते. टोक तिच्यावर बरोबर आलं तर ठीक. दोन मिलिमीटर जरी बाजूला गेलं तरी टॉर्च वाकलेली आहे.

इथे एक रोग सांगतो, जवळजवळ प्रत्येक लाइनवर दिसणारा. वेल्ड बाजूला पडतोय म्हणून कोणीतरी प्रोग्राममधला पॉइंट सरकवतो. वेल्ड जागेवर येतो. मग दुसरा पॉइंट, तिसरा. आठवड्याने नवी टॉर्च बसते आणि सगळे वेल्ड उलट्या बाजूला पडायला लागतात. मूळ दोष वाकलेल्या टॉर्चचा होता, प्रोग्रामचा नव्हताच. तेव्हा वेल्ड सरकला तर क्रम असा: पार्ट फिक्स्चरमध्ये नीट बसलाय का, फिक्स्चरचा पिन झिजलाय का, टिपचं भोक लांबट झालंय का, वायर वाकडी येतेय का, टॉर्च खुणेवर येते का. हे सगळं बरोबर असेल तरच पॉइंटला हात. तोही प्रोग्रामची प्रत काढून, आणि जुनी-नवी जागा वहीत लिहून.

ज्यांनी हाताने वेल्डिंग केलंय त्यांचं पारडं इथे जड. मण्याचा (वेल्डच्या रेषेचा) रंग, आवाज, स्पॅटर बघून गॅस कमी आहे की व्होल्टेज, हे त्यांना कळतं. नुसता पेंडंट शिकलेल्याला ते कळत नाही. तुमच्या लाइनवर असा जुना वेल्डर असेल आणि त्याला स्क्रीनची भीती वाटत असेल तर त्याच्याशी जोडी जमवा. तुम्ही त्याला मेनू दाखवा, तो तुम्हाला मणी दाखवील.

सहावी पायरी: आकडे

एचएमआयवर थांबण्याचं कारण निवडायचं पान असतं आणि त्यात 'इतर' नावाचं बटण. सगळा कारखाना तेच दाबतो. मग महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा खांब 'इतर'चा, आणि बोल लागतो ऑपरेटरला. टिप बदलणं, पार्ट नाही, सेन्सर, क्रेनची वाट, जे असेल ते दाबा. यादीत आपलं कारण नसेल तर ते घालून घ्या. पीएलसीवाल्याला त्याला फार वेळ लागत नाही.

बोर्डावर लिहिलेला ओईईचा, म्हणजे सेल एकूण किती टक्के कामाला आली याचा, आकडा स्वतः काढता आला पाहिजे. ४८० मिनिटांची शिफ्ट, ३० मिनिटं सुट्टी, राहिली ४५०. त्यात ४५ मिनिटं सेल बंद, म्हणजे चालली ४०५: उपलब्धता ९० टक्के. एका नगाला एक मिनिट धरलं तर ४०५ व्हायला हवे होते, झाले ३६४: सुमारे ९० टक्के. त्यातले ३५७ ओके: ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७९ टक्क्यांच्या आसपास. पडताळा सोपा आहे, ३५७ भागिले ४५०. आता ही ४५ मिनिटं कशात गेली हे तुमच्या वहीत असेल, तर '७९ का?' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे.

हेच वहीतलं फोनवर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये भरायला शिका. तारीख, वेळ, कोड, ओळ, मिनिटं, कारण. पाच-सहा रकाने, त्यावर फिल्टर. याहून जास्त एक्सेल सुरुवातीला लागत नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. सेटरचा पासवर्ड तुम्हाला माहीत असला तरी वापरू नका, कारण बदल त्याच्या नावावर पडतो आणि चौकशी दोघांचीही होते. घरचा पेन ड्राइव्ह कंट्रोलरला लावायचा नाही. स्क्रीनचा फोटो काढायची मुभा आहे का विचारा, आणि असली तरी पार्टचा फोटो बाहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ग्राहक कंपन्या याबाबत फार कडक असतात.

पुढे शिकायचं तर

पैसे भरण्याआधी फुकटचं संपवा. युनिव्हर्सल रोबोट्सचे प्राथमिक ऑनलाइन धडे मोफत आहेत आणि त्यांचा सिम्युलेटरही मोफत मिळतो. त्यात पॉइंट, मूव्ह, वेट, इनपुट-आउटपुट हे सगळं घरबसल्या करता येतं. तुमच्या सेलमध्ये दुसऱ्या कंपनीचा रोबो असला तरी कल्पना त्याच. सरकारच्या स्किल इंडिया डिजिटल हबवरचे कोर्स बघा. आयटीआयला जाणार असाल किंवा धाकट्या भावंडाला पाठवणार असाल तर 'इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन' हा ट्रेड कुठे आहे ते विचारा. खासगी क्लास लावायचाच असेल तर एकच चौकशी करा: खरा पेंडंट हातात किती तास देणार? नुसत्या प्रोजेक्टरवर शिकवणार असतील तर ते धडे फोनवर फुकट आहेत.

सगळ्यात चांगला वर्ग मात्र तुमच्याच शॉपमध्ये भरतो, नवी सेल बसवायला इंटिग्रेटरची (सेल उभारून देणाऱ्या कंपनीची) माणसं येतात तेव्हा. हस्तांतराच्या वेळी ती ऑपरेटरना प्रशिक्षण देतात. कायम कामगार आणि इंजिनिअर तिथे असतात, कंत्राटी माणूस त्या वेळी दुसऱ्या लाइनवर पार्ट लावत असतो. सुपरवायझरकडे आधीच नाव देऊन ठेवा, आणि जागा मिळाली तर हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय उठू नका. त्या कागदाची प्रत मागून घ्या, प्रमाणपत्र मिळालं तर तेही जपून ठेवा. कंत्राटदार बदलला की आधीच्या कामाचं तुमच्याकडे काही उरत नाही. पुढच्या गेटवर मुलाखत घेणारा 'कोणत्या रोबोवर काम केलंय?' असं विचारतो, तेव्हा हा कागद आणि ती अलार्मची वही त्याच्यासमोर ठेवता येते.